कोरडं

माहूलच्या खाडीवर रात्रीही उजेड असतो,
रिफायनरीची चिमणी विझत नाही.
पेट्रोलचा वास जन्मापासून ओळखीचा.
हा वास मात्र वेगळा. गोडसर.

हसूराम मेस्त्रीनं टाकीतलं तेल
लोणच्याच्या बरणीत ओतलं, उन्हात धरलं:
वर हिरवट, खाली ढगाळ,
मध्ये सुरीनं कापल्यासारखी रेघ.
"ऊस हाय यो," म्हणाला.
"हवेतला पानी पितो न् तलाला जाऊन बसतो.
न् इंजन त तलानशीच खेचतं."
रबरी नळी फुगून मऊ झालेली,
त्याच्या बोटांत बोंबलासारखी लोंबत होती.

हे इंजिन घेतलं
बाबांनी दारू सोडली त्या वर्षी.
पैसेही तिथलेच, आई सांगते,
एकेका बाटलीचे वाचवलेले.
तेव्हापासून दोघंही कोरडे.
एकतीस वर्षं.

आता त्यातल्या एकाला
पंपावर पाजतात,
कुणी विचारत नाही.

नळी नवी घातली. फिल्टरही.
तेल मुक्कामाला ठेवू नकोस, मेस्त्री म्हणाला,
म्हणून रोज जाळी उतरवून झाली
की टाकीची नळी सोडवते
आणि इंजिन तसंच चालू ठेवते,
कार्बोरेटरमधला शेवटचा थेंब जळेपर्यंत.
ते अडखळतं, खोकतं,
थांबायच्या आधी एकदा उगाच जोरात धावतं.
मग गप्प.

बाबा धक्क्यावर पाठमोरे, जाळ्याचं भोक शिवत.
"झालं?"
झालं.
उरलेलं लिटरभर डब्यात,
भावाच्या जुन्या स्कूटरला.
झाकण मी दोनदा आवळते.