वाटेकरीण

पान एकशे बारावर मी अडलेय
मंगळवारपासून.
कादंबरी घानाची. टेमा बंदरातल्या दोघी,
अफिया आणि मांसा, एकाच नवऱ्याच्या.
तो जहाजावर गेला तो गेलाच.
या दोघी धुरावर सुकवलेल्या मासळीचा ठेला टाकतात,
भांडतात, हिशेबात चुकतात,
एकीचं पोर दुसरीच्या पाठीवर झोपतं.

मूळ शब्द साधा आहे, त्याला काटे नाहीत.
मराठीत मी लिहिते : सवत.
लगेच पानावर कुणीतरी कुणाला
विहिरीत ढकलतं.

खोडते.
दुसरी बायको? त्यात नवराच मोठा होतो.
बहीण? खोटं.
मांसा तिला बहीण म्हणत नाही,
कर्जबुडवी म्हणते, लाडाने.

आतून दिगंबर विचारतो,
डाळीला किती शिट्ट्या?
बँक सोडून दोन वर्षं झाली, स्वयंपाक त्याच्याकडे,
तरी विचारतो. मी तरी दर वेळी का सांगते?
शेजारच्या दळवीबाई म्हणतात, नशीब काढलंस गं.
तेवीस वर्षं मी रांधत होते
तेव्हा त्याचं नशीब कुणी काढलं नव्हतं.

घोडपदेवच्या आमच्या खोलीत
एक बाई नावाशिवाय असायची.
राहायची शिवडीला,
आमच्याकडे फक्त तिचं सर्वनाम : ती.
वडील गोदीत, क्रेनवर. पगार दोन पाकिटांत.
आई पाकीट उघडण्याआधी
अंगठ्याने त्याची जाडी बघायची.

ते गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले,
आणि ती आली. पितळी डबा, त्यात सोडे,
पिशवीत त्यांच्या सहीचे कागद.
म्हणाली, फॉर्मवर नाव तुमचंच लागेल. घ्या.
आई काही बोलली नाही.
डबा रिकामा केला, सोडे परातीत पसरले,
बोटाने मध्ये रेघ ओढली,
आणि अर्धे पुन्हा तिच्या डब्यात भरले.

पुढे आईचे गुडघे दुखू लागले.
दर महिन्याला दवाखाना, शिवडीचा.
अकरा वर्षं आम्ही कुणी सोबत गेलो नाही.
ती गेल्यावर हिशेबाची वही सापडली :
‘दवाखाना’, आणि पुढे आकडा,
पेन्शनच्या बरोबर निम्मा.

कोशात वाटेकरी आहे.
पुरुष. शेतातला, बांधावरून कोर्टात जाणारा.
त्याला मी शेवटी एक ण लावते.
वाटाही आला त्यात, वाटही.

संपादक विचारतील, हा कुठला शब्द?
सांगेन, आमच्या घरातला आहे,
फक्त कुणी उच्चारला नव्हता.

पान एकशे बारा.
मांसा ठेल्यावरून ओरडते :
अगं वाटेकरणी, सुटे आण!

शिवडीच्या बाईचं नाव
मला अजून माहीत नाही.
आत शिट्ट्या होतायत. किती झाल्या,
मी मोजलेल्या नाहीत.