एकास बत्तीस

स्पॉल्डिंगच्या हॉलमध्ये दर नोव्हेंबरात तो बाजार भरतो.
लांब टेबलं, खोक्यांच्या चवडी,
थर्मासमधला चहा, आणि पुरुष. नुसते पुरुष.
पहिल्या वर्षी मिस्टर पेल म्हणाले,
"यजमानांसाठी घेताय का?"
म्हटलं, यजमानांना ट्रॅक्टर म्हणजे
वळणावळणाच्या रस्त्यात पुढे अडलेलं काहीतरी.
हा मला हवाय.

निळा फोर्डसन मेजर. नारिंगी चाकं.
तळहातावर मावतो.
खोक्यावर लिहिलेलं: एकास बत्तीस.
त्याच हिशेबानं एका रात्री, झोप येईना तेव्हा,
मी आमचं रान मोजलं.
बांधाच्या रस्त्याकडेचे ते बारा एकर
या घराच्या सगळ्या खोल्या व्यापून
उंबऱ्याशी येऊन थांबतात.
ज्यात टेबिटची गाय बुडाली तो चर
चार बोटांचा.
बाबांचा खोकला कितीनं भागायचा
ते खोक्यावर नाही.

आमची माती काळी, कोळशाच्या भुकटीसारखी हलकी.
मार्चात वारा सुटला की उठून चालू लागायची
बीटच्या बियांसकट, थेट टेबिटच्या रानात.
"आपण पेरतो, टेबिट उगवतो," बाबा म्हणायचे.
आणि खाली, त्या मातीच्या पोटात,
हजारो वर्षांपूर्वी आडवे झालेले ओक,
काळेठिक्कर, लोखंडाला दाद न देणारे.
खट्.
नांगराची लाकडी खुंटी मोडायची,
बाबा उतरायचे, त्या जागी काठी रोवायचे,
नवी खुंटी ठोकायचे, पुन्हा चढायचे.
हिवाळ्यात ते रान
काठ्यांचंच पीक घेतल्यासारखं दिसे.

हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूला ठेवायचा.
वेढायचा नाही. कधीच नाही.
हे आम्हाला शंभरदा सांगणारे बाबा
चोपन्न सालच्या ऑक्टोबरात, बीट निघत असताना,
स्वतःच विसरले.
इंजिननं उलटा झटका दिला.
पेन्सिल मोडावी एवढाच आवाज.

हॉरेस पलटणीत, जर्मनीत.
आईचा हात पिठात.
राहिले मी. अकरा वर्षांची.
दोन्ही पायांनी उभं राहिल्याशिवाय
क्लच दबायचा नाही, तर मी उभी राहिले.
फाटकाच्या खांबाला डावा मडगार्ड घासला,
वाकला.
बाबा बघत होते, हात फडक्यात गुंडाळलेला.
शिवी नाही, शाबासकी नाही.
दुसऱ्या दिवशी सकाळी
भोकाभोकांच्या त्या गार लोखंडी सीटवर
पोतं होतं, नीट चौघडी घातलेलं.

पासष्टात फोर्डसन भंगाराच्या लॉरीवर चढला.
मी तेव्हा पीटरबरोत टायपिंग करत होते.
कुणी कळवलं नाही, आणि का कळवावं.

तर मी या छोट्याचं काय केलं:
सीटवरचा टोपीवाला बाप्या सुरीनं उचकटला.
बटणांच्या डब्यात आहे तो, सुखरूप.
प्लॅस्टिकचा डावा मडगार्ड गरम पाण्यात धरला,
मऊ झाल्यावर दाबला.
तागाचा नखाएवढा तुकडा, चौघडी घालून, सीटवर.
पुढल्या नोव्हेंबरात मिस्टर पेलना दाखवला.
त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.
"अहो, किंमत गेली की हो याची."
मग वाकून तागावर फुंकर मारायला गेले,
कचरा समजून,
तेव्हा मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला.
आता ते मला खुर्ची देतात, आणि बिस्किट.

कपाटात आज त्रेचाळीस आहेत.
डेव्हिड ब्राउन, फर्ग्युसन, एक लाल इंटरनॅशनल
जो आम्हाला कधी परवडला नसता.
रॉकेलचा वास कुणालाच येत नाही.
रविवारी मी ब्रशनं धूळ काढते.
फोर्डसनच्या नाकाशी हँडल आहे, टाचणीएवढं,
साच्यातच ओतलेलं, न फिरणारं.
ते दोन बोटांत धरते
आणि अंगठा,
मी न सांगता,
बाहेर थांबतो.