उणे

पहाटे पावणेतीनला सायकल काढतो.
दांडीला बांधलेली चावी,
उभी केली तर माझ्या खांद्याला लागते.
कुत्री ओळखतात, भुंकत नाहीत.
कन्ना चौकाच्या पुढं टॉवेलचे माग रात्रपाळीला खडखडतात
आणि दारांपुढं निळी पिंपं ओळीनं,
पोटावर खडूनं नावं :
गुंडेटी. बोद्धूल. शेख.
आज यांचा पाचवा दिवस.

झाकण सरकवतो, चावी बसवतो
आणि फिरवायच्या आधी मुठीला कान लावतो.
लोखंडातून पाणी ऐकू येतं.
भरलेली लाइन घुमते, रिकामी खोकते.
ऑफिसात मीटर आहे.
मीटर बंद आहे.

बावीस आटे म्हणजे पूर्ण.
या उन्हाळ्यात चौदा.
चौदाव्याला हात थांबतो
पण पंधरावा अंगात तसाच राहतो,
जिना संपल्यावर अंधारात
पाय आणखी एक पायरी शोधतो तसा.

धरणाचा आकडा शून्याखाली गेलाय.
पेपरात येतं : उणे एकवीस.
मुलगी विचारते, आप्पा, पाणी शून्याच्या खाली कसं जातं?
मी सांगतो, तळातलं पाणी आपण मोजायचंच नाही असं ठरलेलं.
म्हणजे होतं ते नाही धरलं?
हो.
मग आता आपण नसलेलं पितोय?
मी चहाचा कप उचलतो.

महानंदा माझी धाकटी. भीमेकाठी दिली.
शहरासाठी पाणी सोडतात तेव्हा
ते नदीतून चालत येतं, आठ दिवस, दहा दिवस,
तापलेल्या वाळूला आधी तिचा वाटा देत.
वाटेत कुणी उपसू नये म्हणून
दोन्ही काठांची वीज काढतात.
तिचा फोन आला :
"तुजं पाणी निघालंय रे इरण्णा.
आत्ता आमच्या मळ्याखालनं गेलं.
जरा फेसाळ हाय. सांभाळून घे."
हसली.
मग म्हणाली, "कडवळ वाळाय लागलंय.
पाणी दिसतंय एवढं, न् मोटर मुकी.
वरात दारावरनं जावी
न् अक्षता दुसऱ्याच्याच मांडवात पडाव्यात, तसं."

मी काय बोलणार.
माहेरानं लेकीला उणं पडू देऊ नये म्हणतात.
माहेर इथं नळाखाली उभं आहे,
बादली घेऊन.

परवा पुन्हा फोन.
रात्री सासूला घेऊन ती काठावर उतरली.
बंधाऱ्यावर गस्तीचा पोरगा, मिसरूड फुटलेला,
त्यानं टॉर्च विझवली.
म्हणाला, मावशी, मला अंधारात दिसत नाही.
दोघींनी दोन घागरी भरल्या.
"कडवळाला काय पुरतंय तेवढं? म्हशीला पाजलं.
ती बी चार दिवस तिकडंच बघत उभी होती."

झोन ऑफिसच्या भिंतीवर कागद लागलाय.
सोडलेलं इतकं. पोचलेलं इतकं.
मधल्या रकान्याचं नाव : वहनातील तूट.
आकडा दांडगा. त्यात वाळू आहे, ऊन आहे,
रात्री लावलेली डिझेल इंजिनं आहेत,
कुठल्यातरी साहेबाच्या पाहुण्यांचा ऊस आहे.
मी चष्मा पुसतो, जवळ जातो.
दोन घागरी
दशांशचिन्हानंतर कितव्या घरात येतात?
शिपाई विचारतो, काय शोधताय?
काय नाही म्हणतो, आणि माझी वही पुढं करतो :
वेळ तीन दहा. आटे चौदा. शेरा सुरळीत.

आज मुठीला कान लावला
तर लाइन घुमत नाही, खोकतही नाही.
आत काहीतरी येतंय, लांबून,
चालून दमलेलं.
गुंडेट्यांच्या व्यंकम्मा पदर खोचून दारात उभ्या.
"आलं का?"

"निघालंय," मी म्हणतो.