रीडिंग

पगाराच्या चिठ्ठीवर माझा हुद्दा मीटर रीडर.
खानापूर तालुका, पश्चिमेकडची गावं,
मोटरसायकल, गळ्यात बिलाचं यंत्र.
पोरं लांबूनच ओरडतात,
"आई, रीडिंगवाला आलाय गे!"

तर वर्ष संपताना हिशेबही तसाच मांडतो.
वही सुरू केल्यापासूनचा आकडा:
मागील रीडिंग एकशे बारा, चालू एकशे एकतीस.
वापर, एकोणीस पुस्तकं.

त्यातली चार खोटी.
वाचनालयातल्या कल्लाप्पा देसूरकरांना मी तोंडावर सांगितलं,
"बरं आहे, मधे जरा रेंगाळतं."
आमच्यात घराला कुलूप असलं की
यंत्रात 'दार बंद' दाबतात
आणि मागच्या महिन्यांची सरासरी लावतात.
ती चार मी सरासरीनं वाचली.

जुलै कोरा. ऑगस्ट कोरा.
कणकुंबीकडे तेव्हा कागद फुगतो,
या पानावरची शाई त्या पानावर जाऊन बसते,
आणि रेनकोटातला माणूस घरी येतो तो
फक्त झोपायला.

एक पातळसं कानडी. मुलांचं. कासवाचं.
चौदा पानं, अडीच महिने.
बिलातलं कानडी मला येतं:
बाकी, दंड, शेवटची तारीख.
पण कासव पाण्यात उतरताना काय म्हणतं
ते शेजारच्या शिवलीला टीचरनी समजावलं,
तेही त्यांची भाकरी तव्यावर असताना.
वीस वर्षं मी त्या भाषेत नुसता दंड वाचत होतो.
पाटी कुठल्या लिपीत, यावरून फुटलेली डोकी
मी जवळून पाहिली आहेत, एक तर मामेभावाचं.
'ळ' दोघांकडेही आहे
हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आणि एक, जे वहीत नाही.

नेरशात, शेवटच्या घरात, द्रुपदा गावडे.
जानेवारीत म्हणाली, "रीडिंग घ्यायला आलास न्हवं?
मग ह्ये बी घे."
लेकाचं पुस्तक. तो फोंड्याला कारखान्यात.
कव्हर नाही, पहिली सोळा पानं उंदरानं खाल्लेली,
त्यामुळे नाव ना तिला माहीत, ना मला.
"मला दिसत न्हाई बाबा," म्हणत तिनं पाट मांडला.

मग दर महिन्याच्या अकरा तारखेला
आधी मीटरचे आकडे, मग दोन पानं मोठ्यानं, मग ताक.
गोष्टीत एक सावकाराचा कारकून होता.
एकदा तिनं हात वर करून मला थांबवलं:
"त्यो वाईट न्हाई गा.
तू वाईट वाचूलालास."
मी तोच परिच्छेद पुन्हा वाचला,
जरा सावकाश.
खरंच, तेवढा वाईट नव्हता.

या अकराला दाराला कुलूप.
शेजारी म्हणाला, लेक येऊन घेऊन गेला,
शिमग्याला येईल बहुतेक.
मीटर बाहेरच्या भिंतीला. महिन्याभरात चार युनिट.
आणि मीटरच्या पेटीवर, दुधाच्या पिशवीत गुंडाळून,
पुस्तक.

खुणेला मी बसचं जुनं तिकीट ठेवायचो.
नोव्हेंबरात ते अडतीसाव्या पानावर ठेवलं होतं,
पक्कं आठवतंय, आकडे लक्षात ठेवणं हेच माझं पोट.
आता ते एकाहत्तराव्या पानावर.

लेकानं वाचून दाखवलं असेल.
एका रात्रीत? सामान बांधता बांधता?
नाहीतर तिला
वर्षभर
दिसत होतं.

पायरीवर बसलो. एकोणचाळीसपासून एकाहत्तरपर्यंत,
कुलपाकडे तोंड करून, मोठ्यानंच, सवयीनं.
पुढच्या तीन वाड्यांची बिलं उशिरा निघाली,
ऑफिसात तक्रार आली आहे.

आज रात्री वहीत विसावी ओळ घातली.
नावाच्या जागी: नेरसे, शेवटचं घर.
कारकुनाचं पुढं काय होतं ते बघितलं नाही.
तिकीट होतं तिथंच आहे.