आधी सगळे पट्टे उतरवायचे

चार रात्री झाल्या.
पेनड्राइव्ह लावते, एफ-बारा दाबते,
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावत सुटतात
शाळा सुटल्यासारखी,
आणि एका जागी, दरवेळी त्याच जागी,
थबकतात.
मग सगळं विझून पहिल्यापासून.
पंखा मात्र फिरतच राहतो,
त्याला कोणी काही सांगितलेलं नसतं.

लॅपटॉप नागपूरच्या आतेभावाने टाकून दिलेला.
बिजागरी तुटली तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी.
जुन्या सिस्टीमवर पोर्टल उघडेना,
नवी सिस्टीम म्हणते, हे यंत्र आमच्या यादीत नाही.
हसू आलं मला.
तळोधीच्या रस्त्यावर, या टिनाच्या खोलीत,
सात वर्षं मी हेच वाक्य सांगत आले,
घरकुलाला, गॅसला, धानाच्या बोनसला:
काका, यादीत नाव नाही तुमचं.
ते मग उभे राहायचे थोडा वेळ,
पायातच असलेली चप्पल शोधत.

ग्राफिक्स साधं करून पाहिलं. अडलं.
रॅमची पट्टी काढली, खोडरबराने घासली,
फुंकर मारून परत बसवली. अडलं.
पेनड्राइव्ह बदलला,
त्यातलं भावाचं अख्खं लग्न पुसून.
त्याच जागी अडलं.

पंक्चरवाल्याच्या लोकेशने मोबाइलवर
पडद्याचा संथ व्हिडिओ काढला.
"ताई, इथं पाय. इथं मरून रायलं."
थांबवलेल्या चित्रात अर्धी ओळ,
नुसते आकडे,
तापात कोणी फोन नंबर बडबडावा तसे.

तुळसाबाई नन्नावरे बाकावर.
हयातीच्या दाखल्यासाठी तिसरा दिवस,
आज मोहफुलं निवडायलाच घेऊन आलेली,
खोलीभर तो गोड, जड वास.
"काऊन वं, काय दुखते त्याले?"
"तेच तं कळत नाही, मावशी."
"आमचे हे राइस मिलवर होते.
गिरणी अडली का आधी सगळे पट्टे उतरवायचे.
नुसतं इंजिन चालू द्याचं.
मंग एकेक चढवायचा.
ज्याच्यावर अडलं, तो चोर."

चार रात्री मी पट्टे तसेच ठेवून
इंजिनाला शिव्या घालत होते.

निळ्या पडद्यात गेले, सगळं बंद केलं,
कॅमेरा, माइक, ब्लूटूथ, वायफाय,
ज्यांची नावं कळत नव्हती तेही.
अक्षरं धावली.
ती जागा आली
आणि गेली.
लोकेश ओरडला, मी त्याला गप्प केलं, उगाच.

एकोणऐंशी टक्क्यांवर लाइन गेली.
बॅटरी अकरा मिनिटांची.
कोणी बोललं नाही.
तुळसाबाईचा हातही टोपलीत तसाच.

नंतर एकेक पट्टा चढवला.
वायफाय चढला, माइक चढला,
पाचव्यावर पडदा विझला.
कार्ड रीडर.
डाव्या कडेची ती बारीक फट,
जिच्यात इतक्या वर्षांत काही गेलं असेल
तर लोकेशने कोंबलेला बिस्किटाचा तुकडा.

आवाज आला नाही, तो गेला तो गेलाच.
आणि कोपऱ्यात तारीख,
एक जानेवारी दोन हजार दहा.
आतला नाण्याएवढा सेल कधीचाच संपलेला.
पोर्टल दार उघडेना.
"कोणता सन दाखवते?"
सांगितला.
"तवा तं गिरणी चालू होती," ती म्हणाली,
आणि टोपलीतला एक देठ
बराच वेळ चिमटीत धरून बसली.
मीही तारखेवर बाण नेऊन
थांबले थोडी.
मग बदलली.
दाखला आजच्याच तारखेचा लागतो.

अंगठा चौथ्यांदा उमटला.

ती गेल्यावर झाकणाला कागद चिकटवला:
कार्ड रीडर चालू करू नये.
आवाज येत नाही.
रोज सकाळी तारीख पाहावी.