नस

रविवारी सातला कर्वेनगरहून निघतो आम्ही
डॉक्टर केंजळेंच्या जुन्या ओमनीत.
मागे घडीची खुर्ची, दोन स्टुलं,
अवजारं उकळायला मोठा कुकर,
आणि गचके बसू नयेत म्हणून
माझ्या मांडीवर इंजेक्शनांचा डबा.

मी डॉक्टर नाही.
एकतीस वर्षं विमा कचेरीत
लोकांच्या मरणाचे अर्ज तपासले.
आता बॅटरी धरतो.
सरळ तोंडात, हलू न देता.
एवढंच काम,
तेही पहिल्या दिवशी जमलं नव्हतं.

वाघोलीच्या पुढे खाणींचा रस्ता पांढरा होत जातो.
बाभळी पांढऱ्या, कुत्री पांढरी,
बालवाडीच्या पत्र्याखाली रांगेत बसलेल्यांच्या पापण्या पांढऱ्या.
दात तेवढे काळे, मिसरीनं.

नावं मी लिहून घेतो. वय विचारलं
की बायका पोरांकडे बघतात,
पोरं माझ्याकडे.
मी अंदाजे लिहितो.
कचेरीत असं कधी केलं नसतं.

नागव्वा धोत्रे. अंदाजे पंचावन्न.
डावी दाढ, खालची. तीन महिने.
लवंग झाली, तंबाखू झाला,
एकदा तर तापवलेला खिळा.
"इतके दिवस काय करत होतात?"
"खडी फोडत हुते," ती म्हणाली.

डॉक्टर समजावत होत्या, आजी,
आतली नस मेलीय, आता दाढ वाचायची नाही.
नागव्वानं कापूस काढून हातात घेतला.
अर्धा ओठ बधिर, तरी शब्द स्वच्छ:

"नशीचं मला नगं सांगू, बाई.
दगडालाबी नस आसती.
दिसत न्हाई. हात फिरवला की घावती.
नशीवर बसला तर एका घावात दोन फाका,
चुकला तर दिसभर ठोकत बस, नुसता भुगा.
तू आदी हात फिरव. मंग वढ."

डॉक्टरांनी पक्कड खाली ठेवली.
बोट हिरडीवरून फिरवलं,
सावकाश, मग पुन्हा एकदा.
माझा उजेड थरथरायला लागला
तेव्हा नागव्वानं माझं मनगट धरलं,
कानशीसारख्या तळव्यानं,
आणि बॅटरी दोन बोटं डावीकडे सरकवली,
स्वतःच्याच तोंडात.

निघाली. एका ओढीत.
वाटीत टण्ण वाजली.

"फेकू नगा, पुडीत बांधून द्या.
मुकादम खाडा लावतोय आजचा,
म्हनतो दाढीचं निमित्त हाय.
काल त्याच्यापुढं दाताच्या कण्या केल्या.
आता आख्खा दातच दावते."

केसपेपरचा कोपरा फाडून मी पुडी बांधली.
वर नाव घातलं, तारीख घातली.
हात थांबेना, खाली सहीसुद्धा केली,
निवृत्तीच्या आधीची, लांब शेपटीची.

तिनं पुडी उलटसुलट पाहिली.
"शिक्का न्हाई व्हय?"