साल

बावीस वह्या. प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर साल टाकलेलं.
आत सगळं शाईनं, पेन्सिल चालत नाही.
चुकलं तर एकच आडवी रेघ, शेजारी सही, तारीख.
गिरगोटा करायचा नाही. चूक वाचता आली पाहिजे,
आमच्या धंद्यातला एवढाच धर्म.
उद्या कपाटाची किल्ली तबस्सुम मुकादमकडे.

पहिल्या वहीला अजून वास आहे.
तेव्हा मी दिवाळ्याच्या कोळीवाड्यातून रबाळ्याला
कोळंबीची सालं न्यायचे, रंगाच्या रिकाम्या डब्यात,
आणि बसचा कंडक्टर मला मागच्या दारातच उभं करायचा.
चांगुणाबाई फुकट द्यायची.
‘काय गो, या सालांचं कालवन करतंस का काय?’
मी सांगितलं, आधी आम्लात, मग कॉस्टिकमध्ये उकळायची,
शेवटी उरतं पांढरं पीठ.
त्याची पातळ चकती जखमेवर ठेवली
की ती औषध हळूहळू सोडते, मग स्वतःच विरून जाते.
‘हलू कशाला? पटकन नय होत?’
आणि शिंगाळ्याच्या काट्यानं फाटलेला अंगठा पुढे केला.
‘डाक्टर ना तू? बघ.’
मी बघितलं. नुसतं बघितलं.
माझ्या पीएचडीत अंगठा नव्हता.
शेजारणीनं हळद दाबली.

हळू कशाला.
सहा काचेची भांडी, सदतीस अंश,
प्रत्येकात एक वल्हं, मिनिटाला पन्नास फेरे.
आधी जठराइतकं आंबट पाणी,
दोन तासांनी आतड्याइतकं सौम्य.
पहाटे तीनला नमुना काढायचा. चारला. पाचला.
खिडकीबाहेर ठाणे-बेलापूर रस्ता, टँकर,
कुठल्याशा चिमणीचा गोडसर वास,
आणि आत सहा पोटं, कुणाचीच नसलेली,
त्यांना भरवत बसलेली मी.

चकतीचं काय झालं?
सशांच्या पाठीवरची जखम भरली, चौदा दिवसांत.
माणसांपर्यंत पोचायच्या आत वरून पत्र आलं, तीन ओळींचं.
असल्या जखमा गरिबांनाच होतात
असं काही त्यात लिहिलं नव्हतं.
वही नऊ. शेवटच्या पानावर रेघ मीच मारली. सही, तारीख.
खालचं अजून वाचता येतं.

मग ब्लडप्रेशरची गोळी. सात वर्षं.
दिवसातून तीनदा घ्यायची ती एकदाच.
कवचाला लेसरनं पाडलेलं भोक, केसाएवढं —
नाही, वही सतरा म्हणते अर्धा मिलिमीटर.
पाणी आत झिरपतं, औषधाला बाहेर ढकलतं,
घाई न करता, रात्र संपेपर्यंत.
कुणी विचारलंच, बाई, तुम्ही केलंत काय,
तर हे: लोकांच्या दिवसातून दोन गोळ्या काढून घेतल्या.
न घेतलेल्या गोळीची आठवण कोण ठेवतं?

गेल्या महिन्यात बाजारात चांगुणाबाई दिसली.
तीच जागा, कमरेला आता पट्टा.
पिशवीतून पाकीट काढून दाखवलं. माझीच गोळी.
‘पयले तीन द्यायचे. आता एकूच. दोन कंपनीनं खाल्ल्या.’
मी हसले. ती नाही हसली.
आवाज खाली आणून म्हणाली,
‘आनि ती पन विरघलत नय गो. सकाली बघितली तं
जशीच्या तशी परलेली. पैसं फुकट.’

बर्फाच्या पाण्यात चपला भिजत होत्या,
मी उकिडवी बसून सांगत राहिले:
ते नुसतं कवच. औषध कधीच रक्तात गेलं.
बाहेर पडतं ते रिकामं.
ती ऐकत होती, हात थांबले नव्हते.
डोकं, पाय, एक झटका, साल उजवीकडे ढिगात.
मग त्यातलंच एक चिमटीत उचलून
तिनं उन्हासमोर धरलं, आरपार पाहिलं.
‘अशी?’
‘अशीच.’
‘मंग हरकत नय.’
आणि पुढची कोळंबी हातात घेत म्हणाली,
डबा आणलायस का?